प्लेनर बोर्ड : गळ होडीपासून दूर नेणारी फळी

लहान होडीतून गळ ओढत नेताना होडीच्या चाहुलीने उथळ पाण्यातील मासे बाजूला पांगतात. त्यावर उपाय म्हणजे प्लेनर बोर्ड. दोरीला अडकवलेली ही फळी पाण्याच्या दाबाने बाजूला सरकते आणि गळ होडीच्या मार्गापासून दूर नेते. ट्रॉलरच्या जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या फळ्यांचे तत्त्वही हेच.

हलक्या आमिषाला लहान, तर जड आमिषासाठी किंवा लाटांमध्ये मोठी फळी निवडावी. डावी-उजवी बाजू तपासून घ्यावी. वेग मंद ठेवावा.

फळीला मोकळे पाणी लागते. आरे कॉलनीशेजारच्या, १८९१ मध्ये बांधलेल्या पवई तलावात जलपर्णी वारंवार माजते. तिच्यात दोरी हमखास गुंतते. तेथे मगरींचाही वावर असल्याने ती सोडवण्यासाठी पाण्यात हात घालणे धोक्याचे ठरते.