जोडकामाची जीप

तेल्हाऱ्याकडची काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात कशी वागते, हे वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. मोटार एकदा रुतली, की मागची चाके जागच्या जागी गरगरतात आणि गाडी अधिकच खाली बसते. तेथे पुढच्या चाकांनीही ओढ घ्यावी लागते. ती घेतली जीपने.

पण जीप जन्मली कशी? १९४० साली अमेरिकी सैन्याला हलकी गाडी हवी होती; मुदत अवघी ४९ दिवसांची! बँटम या लहानशा कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यास पाचारण केले. सारे नवे घडवायला सवड कुठली? इंजिन काँटिनेंटलचे घेतले. आस स्टुडबेकर मोटारीचे, फेरफार करून बसविलेले. आणि इंजिनाची शक्ती दोन्ही आसांना वाटून देणारी दंतचक्रांची पेटी स्पायसरची. २३ सप्टेंबरला गाडी छावणीत हजर झाली. पुढे सैन्याने तिचे नकाशे विलीज व फोर्ड यांना दिले. त्यांनी लाखो जीपा केल्या; बँटमच्या वाट्याला मुख्यतः ट्रेलर आले.

१९४० च्या दशकाअखेर महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपांची जुळणी आरंभली. त्याच घराण्याशी देवराष्ट्रे (जि. सांगली) येथील दत्तात्रय लोहार यांची गाठ पडली. भंगारातून, सुमारे ६० हजार रुपयांत, त्यांनी किक मारून सुरू होणारी चिमुकली जीप उभी केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिची वाखाणणी केली. पण नियमांत न बसणारी गाडी आज ना उद्या अडविली जाईल, म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या हाती आली.

बँटमची गाडी गेली, तशी लोहारांचीही गेली. फरक एवढाच, की येथे कारागिराचे नाव मागे राहिले.