राखेची सनद : बिनखमिराच्या डोनटची कुळकथा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी नव्या शोधाबद्दल दिलेली पहिली सनद ३१ जुलै १७९० या तारखेची आहे. तिच्यावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे, टॉमस जेफर्सन यांची सही आहे, ती कायद्याला धरून असल्याचा महान्यायवादी एडमंड रँडॉल्फ यांचा शेरा आहे. आणि इतके थोर हात ज्या वस्तूसाठी कागदावर टेकले ती वस्तू म्हणजे लाकडाची राख होय. त्या वर्षी सरकारी दफ्तरातून अशा तीनच सनदा बाहेर पडल्या. पहिली राखेतून खार काढण्याच्या सुधारलेल्या कृतीची, दुसरी मेणबत्त्यांची, आणि तिसरी, १८ डिसेंबरची, ऑलिव्हर एव्हन्स याच्या पीठगिरणीच्या यंत्रांची. आज पुण्यामुंबईच्या घरांत ओव्हनमध्ये कडीच्या आकाराच्या साच्यात जो डोनट भाजला जातो, ज्यात खमीर नसते आणि ज्याला कढईचा स्पर्शही होत नाही, त्याचे मूळ शोधीत गेलो असता मी या सनदेपाशी येऊन थांबलो. आणि पहिल्या तीन सनदांपैकी दोन, खाराची आणि पिठाची, या एकाच पदार्थात एकत्र नांदत आहेत हे ध्यानी आल्यापासून या डोनटला ‘खऱ्याची कामचलाऊ नक्कल’ म्हणणाऱ्यांशी माझे कायमचे मतांतर झाले आहे.

आधी राखेची हकिकत सांगणे अवश्य आहे. नव्या मुलखात वस्ती करणारा कुणबी रान तोडी, मेपल आणि एल्मसारखी कठीण लाकडे जाळी, आणि शेतात पहिले पीक उभे राहण्यापूर्वीच त्याच्या हाती विकण्याजोगा माल येई तो राखेचा. ही राख लाकडी पिंपात भरून तिच्यावर पाणी ओतायचे, खाली झिरपणारी तपकिरी निवळी लोखंडी कढयांत आटवायची, तळाशी उरलेला काळपट खडा म्हणजे पोटॅश. आणि तोच भट्टीत पुन्हा तापवून त्यातील कोळशाचा अंश जाळून टाकला की जे पांढरे शुभ्र चूर्ण उरते त्याचे नाव पर्लअ‍ॅश. इंग्लंडचे काचकारखाने, साबणवाले आणि लोकर धुणारे या मालाचे गिऱ्हाईक होते. सनदेच्या मानकऱ्याने, सॅम्युएल हॉपकिन्सने, केले ते एवढेच, की राख पाण्यात भिजविण्यापूर्वीच ती एकदा भट्टीत जाळून घेतली; त्यामुळे तीतला उरलासुरला कोळसा नाहीसा होऊन त्याच राखेतून अधिक खार निघू लागला.

आपल्याकडील आयुर्वेदाच्या अभ्यासकांना ही कृती वाचून आश्चर्य वाटणार नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षारपाकविधीचा स्वतंत्र अध्याय आहे. वनस्पती जाळणे, राख पाण्यात कालविणे, वस्त्रातून पुनःपुन्हा गाळणे आणि निवळी मंदाग्नीवर आटविणे हा क्रम तेथे तपशीलवार सांगितला आहे, आणि जवाच्या राखेपासून होणारा यवक्षार हा रसायनदृष्ट्या पर्लअ‍ॅशचा सख्खा भाऊ आहे. आपल्या घरचा पापडखार सोडियमच्या कुळातला, म्हणजे चुलतभाऊ. तेव्हा खाराचे ज्ञान आपल्याला उपरे नाही. आपण त्याची योजना औषधात, शस्त्रकर्मात आणि पापडाच्या पिठात केली, तिकडे ती केकच्या पिठात झाली.

हा हॉपकिन्स कोण, याविषयी मात्र दीर्घकाळ घोळ चालला. व्हरमाँट संस्थानातील पिट्सफोर्ड गावाने तो आपला म्हणून सांगितला, तेथे त्याच्या नावाचा स्मृतिफलकही उभा राहिला, आणि अनेक पुस्तकांनी तीच माहिती एकमेकांवरून उतरून घेतली. व्हरमाँटमध्ये पोटॅशचा धंदा जोरात होता, त्याच नावाचा एक मनुष्यही तेथे राहत होता. एवढ्या दोन धाग्यांवर हे सारे वस्त्र विणले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस दस्तऐवजांची बारकाईने छाननी झाली तेव्हा निष्पन्न झाले, की सनद मिळविणारा हॉपकिन्स फिलाडेल्फियाचा, क्वेकर पंथाचा गृहस्थ होता. मला या निर्णयात शंकेला जागा दिसत नाही, कारण खुद्द सनदेतच त्याचा उल्लेख फिलाडेल्फिया शहराचा रहिवासी म्हणून केलेला आहे, आणि मूळ दस्तऐवज समोर असता गावाच्या अभिमानाला पुराव्याचे स्थान देणे इतिहासाला परवडत नाही.

या खाराने कणकेत प्रवेश कसा केला, हा या कुळकथेतील खरा वादाचा प्रश्न. छापील पुरावा १७९६ चा. त्या वर्षी हार्टफर्ड येथे अमेलिया सिमन्स या बाईंचे ‘अमेरिकन कुकरी’ हे सत्तेचाळीस पानांचे पुस्तक निघाले. बाई आपला परिचय ‘एक अमेरिकन अनाथ’ असा करून देतात, आणि त्यांच्या कुकी व आल्याच्या केकच्या कृतींत पर्लअ‍ॅश निःसंकोचपणे पडतो. ही युक्ती त्यांना कोणी शिकविली? एक पक्ष म्हणतो, मूळच्या इंडियन जमातींनी. ते मक्याचे दाणे राखेच्या पाण्यात शिजवीत, तेव्हा त्यांचेच पाहून गोऱ्या गृहिणींनी राख कणकेत घातली असावी. मला हा पक्ष ग्राह्य वाटत नाही. मक्याला राख लावतात ती दाण्याचे साल सुटावे म्हणून. त्यात वायू निर्माण करून पीठ फुगविण्याचा हेतू नाही आणि तसा परिणामही नाही. वस्तू एक असली तरी प्रयोजन भिन्न आहे, आणि पाककलेची वंशावळ प्रयोजनावरून लावायची असते.

दुसरा पक्ष डचांचा, आणि मी त्याचा अभिमानी आहे. जर्मनीच्या मधाच्या लेबकुखेनमध्ये पोटॅश घालण्याची वहिवाट आहे. म्हणजे ऱ्हाईन नदीच्या बाजूच्या लोकांना हा प्रकार परका नव्हे. सिमन्सबाईंच्या पुस्तकात ‘कुकी’ आणि ‘स्लॉ’ हे दोन शब्द येतात ते डच भाषेतले, आणि त्याच वर्षी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली ती ऑल्बनीला, म्हणजे हडसन नदीच्या काठच्या डच वस्तीच्या ऐन मध्यभागी. आता याच डच घरांत सणासुदीला चरबीत तळलेले गोड कणकेचे गोळे होत. त्यांना ते ‘ओलीकुक’ म्हणत, आणि वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८०९ साली न्यूयॉर्कच्या आपल्या विनोदी इतिहासात ओलीकुक आणि डोनट हे एकच असल्याचे लिहून ठेवले आहे. खार आणि डोनट हे दोघे एकाच माजघरात वाढले, असा माझा यावरून निष्कर्ष आहे.

यावर आक्षेप येतो, की ओलीकुक खमिराचे असत. खाराशी त्यांचा संबंध काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर डचांकडे नसून बोस्टनकडे आहे. लिडिया मारिया चाइल्ड या विदुषीने, जिने पुढे गुलामगिरीविरुद्ध लेखणी झिजविली, काटकसरी गृहिणींसाठी ‘द फ्रुगल हाउसवाइफ’ हे पुस्तक १८२९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले, आणि पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्यातली डोनटची कृती पाहावी. एक पाइंट पीठ, त्याच्या निम्मी साखर, तीन अंडी, अंड्याएवढा लोण्याचा गोळा, आणि पाण्यात विरघळविलेला चमचाभर पर्लअ‍ॅश. नंतर बाई सांगतात, की घरी अंडी नसतील तर पिंपातला ताजा खमीर चालेल, मात्र मग कणीक आदल्या रात्री भिजवावी लागेल. या एका वाक्यात सगळ्या वादाचा निकाल आहे. खार येथे मुख्य आणि खमीर ही अडचणीची सोय. ज्याला आज आपण ‘पर्याय’ म्हणतो तोच या कृतीत यजमान आहे. खमिराने रात्र मागितली, खाराने घटका मागितली, आणि दिवसभर राबणाऱ्या गृहिणीने घटका पसंत केली.

मधल्या भोकाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मेन संस्थानाचा हॅन्सन ग्रेगरी हा चुन्याची वाहतूक करणाऱ्या जहाजावरचा कोवळ्या वयाचा खलाशी. त्याने १८४७ मध्ये मिरपुडीच्या पत्र्याच्या डबीने गोळ्याचा कच्चा राहणारा मध्यभाग काढून टाकला, असे त्याने स्वतःच म्हातारपणी सांगितले. वादळात गोळा सुकाणूच्या दांड्यात खुपसला, किंवा इंडियनाच्या बाणाने भोक पडले, या कथा रंजक आहेत. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर हॉटेलात त्यांवर जाहीर वादविवाद झाला आणि सरशी ग्रेगरीचीच झाली. मला यात महत्त्वाचे वाटते ते ‘कच्चा मध्यभाग’ हे कारण. अंडी, साखर आणि लोणी यांनी जड झालेल्या पिठाच्या पोटापर्यंत आच पोहोचायला वेळ लागतो, तोवर कडा करपतात. चाइल्डबाईंच्या धर्तीचे पीठ घराघरांत रूढ झाल्यावर दोन दशकांच्या आत भोक अवतरावे, हा केवळ योगायोग मी मानीत नाही.

पर्लअ‍ॅशमध्ये एक मोठा दोष होता. त्याला आंबट ताक किंवा काकवी पुरेशी मिळाली नाही, तर उरलेला खार लोण्याशी संयोग पावून चक्क साबण बनवी, आणि ती चव जिभेवर राही. हा दोष घालविण्यासाठी पुढची साठ वर्षे खर्ची पडली. न्यूयॉर्कला १८४६ मध्ये जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी शुद्ध खायचा सोडा बाजारात आणला. त्याआधीच, १८४३ मध्ये, इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने सोडा, आम्ल आणि त्यांना कोरडे राखणारे स्टार्च एकत्र करून बेकिंग पावडर तयार केली, आणि तिच्यामागचे कारण अत्यंत घरगुती होते : त्याच्या पत्नीला खमीर सोसत नसे. तिला अंडीही सोसत नसत, म्हणून त्याने त्याआधी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर शोधली होती. बिनखमिराच्या भाजणीचा एवढा मोठा उद्योग एका आजारी स्त्रीच्या ताटात पाव पडावा या इच्छेतून निघाला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत हृद्य वाटते.

बर्डचे आम्ल टार्टारचे, द्राक्षाच्या मद्यापासून मिळणारे आणि म्हणून महाग. त्यावर तोड काढली ती हार्वर्डच्या एबेन नॉर्टन हॉर्सफर्ड याने. जर्मनीत लीबिगच्या हाताखाली शिकून आलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने जनावरांच्या हाडांपासून कॅल्शियमचे आम्ल फॉस्फेट काढले आणि १८५६ मध्ये त्याची सनद घेतली. सध्या हे फॉस्फेट खनिज दगडापासून होते, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी मनात किंतु बाळगू नये.

राहिला प्रश्न भाजण्याचा. ‘तळला नाही तो डोनटच नव्हे’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि नावाच्या वहिवाटीपुरते त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु तळणे हे या पदार्थाचे शील होते की परिस्थिती, याचा विचार त्यांनी करावा. जुन्या अमेरिकी घरातील विटांची भट्टी तापवायला तासन्‌तास लाकूड जळे, म्हणून ती आठवड्यातून एखाद्या दिवशीच पेटे. चुलीवरची कढई मात्र रोजची. अवेळी गोड करायचे तर तळण्यावाचून गत्यंतर नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओतीव लोखंडाची शेगडी तिच्या पोटातील भट्टीसह घरोघर आली, आणि ज्या दिवशी भट्टी रोजची झाली त्या दिवशी तळणाची सक्ती संपली. खाराने रात्रीची प्रतीक्षा हटविली, शेगडीने आठवड्याची. या दोहोंच्या भेटीतून भाजलेला डोनट निर्माण होणे क्रमप्राप्तच होते.

ही भेट पाहायची असेल तर भांड्यात नीट निरखावे. सव्वाशे ग्रॅम मैद्यात एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि जायफळ चाळून घ्यावे. दुसरीकडे सत्तर ग्रॅम साखर, एक अंडे, दोन मोठे चमचे वितळलेले लोणी आणि अर्धा कप आंबटसर दही फेटावे. दोन्ही एकत्र येताच पिठाच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागतात. तो दह्यातील आम्लाने सोड्यातून सोडविलेला वायू होय. येथे फार घोटू नये, कारण घोटल्याने मैद्याला चिवटपणा येतो आणि बुडबुडेही निसटतात. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे, साचा दोनतृतीयांश भरावा आणि आधीच १८० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये लगेच सारावा. बहुतेक पावडरींतील काही आम्ल उष्णता लागल्यावरच जागे होते. म्हणून दुसरा फुगारा भट्टीत येतो आणि दहाबारा मिनिटांत कडीचा माथा बोटाने दाबला असता पुन्हा वर येऊ लागतो. सोडा पाव चमच्याहून वाढवू नये. वाढविल्यास कडा तांबूस होतात आणि पर्लअ‍ॅशच्या काळची ती साबणी चव परत येते.

ज्यांच्या फडताळात बेकिंग पावडरीचा डबा असेल त्यांनी त्यावरील बारीक अक्षरांतली घटकांची यादी अवश्य वाचावी. तीत ५०० हा क्रमांक सोड्याचा, ३४१ असल्यास तो हॉर्सफर्डच्या फॉस्फेटचा, आणि स्टार्च बर्डच्या युक्तीचा. डबा उघडून सहा महिने झाले असतील तर त्यातील चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. जोराने फेस आला नाही तर तिच्या भरवशावर डोनट करू नयेत, नवा डबा आणावा.