शेवटची विरार गाडी आणि रंगभवन
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रॉक संगीत म्हटले की खांद्यापर्यंत वाढवलेले केस, कानठळ्या बसवणारी गिटार आणि धुराने भरलेला रंगमंच असे चित्र आपल्यापुढे उभे राहते. हे दक्षिण मुंबईतल्या पैसेवाल्या मुलांचे खूळ, असाही आपला समज असतो. तो अगदीच खोटा नाही, पण पुरता खराही नाही. मुंबईतल्या रॉक मैफलींचा इतिहास विरारच्या बाजूने, म्हणजे लोकलच्या खिडकीतून पाहिला तर निराळे काही दिसते.

वसईला पाश्चात्त्य वाद्यांचे अप्रूप कधी नव्हते. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. दोन शतकांच्या या काळात चर्चमधील समूहगान इथे आले आणि ते राज्य गेल्यावरही टिकले. पुढे लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ड्रम वाजवणारे बँड गावोगावी ओळखीचे झाले. त्यामुळे नंदाखाल, भुईगाव किंवा पापडीच्या एखाद्या घरात पोराने गिटार हाती घेतली, तर कोणी दचकत नसे. अडचण एवढीच की गिटारवरचे नवे संगीत समोर बसून ऐकायचे तर मुंबई गाठावी लागे. ती वाट मात्र सरळ होती. विजेवरची गाडी १९३६ सालीच विरारला पोहोचली होती.

मुंबईत बीटल्सच्या लाटेनंतर तरुणांचे बँड उभे राहिले. एका सिगारेट कंपनीने ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा भरवली. देशभरातले बँड तीत उतरत आणि १९७० व १९७१ साली त्यांच्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. १९७१मध्येच लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा खुल्या माळावरचा संगीतमेळा भरला. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, ‘लेड झेपेलिन’चे गायक रॉबर्ट प्लांट आणि गिटारवादक जिमी पेज मुंबईत आले. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्या डिस्कोथेकमध्ये ते वाजवूनही गेले. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर आले २०१५ साली. जगातल्या एका नामांकित बँडचे दोघे मुंबईत वाजवून गेले आणि ऐकणारे होते मूठभर! कुलाब्यातल्या डिस्कोथेकमध्ये शिरण्याची ऐपत आणि धीटपणा किती जणांत असणार?

हे दार सर्वसामान्यांसाठी उघडले ते धोबीतलावच्या रंगभवनाने. सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेले, वर छप्पर नसलेले हे खुले नाट्यगृह. १९७८ साली इथे ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. मार्च १९८०मध्ये ‘द पोलीस’ हे इंग्लंडमध्ये गाजत असलेले त्रिकूट इथे वाजवून गेले. तो कार्यक्रम ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या महिलांच्या संस्थेने धर्मादाय निधीसाठी ठेवला होता. १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा भारतीय बँडचा महोत्सव सुरू झाला आणि रंगभवन म्हणजे रॉक हे समीकरण पक्के झाले.

याच सुमारास आणखी एक बदल घडला. तोवर आपले बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने स्वतः रचलेली गाणी लोकांपुढे आणली. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. १९८८ साली त्यांचा पहिला अल्बम आला आणि १९९३मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नवे नाव त्यांनी घेतले. ही नावे आपल्याच शेजारपाजारची वाटत. मंचावरचा माणूस आपल्यातलाच आहे, हे कळल्यावर ऐकणाऱ्याला आपणही काही करू शकू असे वाटू लागते.

रंगभवनाचे खरे मोल त्याच्या जागेत होते. मरीन लाइन्स स्थानक पायी काही मिनिटांवर. १८६५पासून वाद्ये विकणारे फुर्टाडोजचे दुकानही तिथेच, धोबीतलावला. वसईचा मुलगा दुपारी दुकानात गिटारच्या तारा घेई, संध्याकाळी मैफल ऐके आणि रात्री घरी परते. कार्यक्रम रंगात आला की आम्हा विरार-वसईकरांचे निम्मे लक्ष घड्याळाकडे असे. चर्चगेटहून मध्यरात्रीनंतर सुटणारी शेवटची विरार गाडी चुकली, तर रात्र फलाटावर. जाणकार मंडळी मरीन लाइन्सला न थांबता उलटे चर्चगेटला चालत जात, कारण तिथे बसायला जागा मिळे. मग अंधेरीपर्यंत वादविवाद, बोरिवलीपर्यंत डुलकी आणि नायगावची खाडी ओलांडताना खारा वारा.

हे फार दिवस चालले नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय, जवळच कामा रुग्णालय. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच तिथल्या मैफली थांबल्या. इथे कोणाला खलनायक ठरवता येत नाही. आजारी माणसाला झोप हवीच. चूक झाली ती पुढे: एक जागा बंद करताना तशीच स्वस्त, स्थानकाजवळची दुसरी जागा कोणी उभी केली नाही.

त्याच काळात परदेशी बँड मात्र मोठ्या संख्येने येऊ लागले. एप्रिल २००३मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले. वांद्रे-कुर्ला संकुलात २००७ साली ‘पिंक फ्लॉइड’चे रॉजर वॉटर्स आणि २००८ साली ‘आयर्न मेडन’ येऊन गेले. डिसेंबर २०१९मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘यूटू’ वाजले. मैफली भव्य झाल्या, तशी तिकिटेही महागली. विरारहून नेरूळला जायचे म्हणजे दादर, कुर्ला करत गाड्या बदलायच्या आणि परतीची चिंता वेगळीच.

या अंतराचे एक उदाहरण वसईतच आहे. ब्रिटिश बँड ‘कोल्डप्ले’च्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्याच्या चित्रफितीत वसईचा किल्ला आहे. चित्रीकरण २०१५ साली झाले. जानेवारी २०२५मध्ये तोच बँड नेरूळला तीन आणि अहमदाबादला दोन दिवस वाजला. अहमदाबादसाठी पश्चिम रेल्वेने खास गाड्या सोडल्या आणि त्या विरारवरूनच गेल्या. आपल्या किल्ल्याची चित्रे जगाने पाहिली. गाणाऱ्यांना समोर पाहणे मात्र तिकिटाचे पैसे असणाऱ्यांपुरतेच राहिले.

वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. कला-क्रीडा महोत्सवाला चिमाजी अप्पा मैदान भरते, म्हणजे गर्दीची वाण नाही. रोलिंग स्टोन्सना इथे आणायचे नाही. रुग्णालय-शाळांपासून दूर, स्थानकाहून चालत जाता येईल अशी एक खुली जागा, शंभर-दोनशे रुपयांचे तिकीट, संध्याकाळी सहाला सुरुवात आणि रात्री दहाला शेवट, एवढे पुरे. १९८६ साली मुंबईने आपल्या पोरांना तेवढेच दिले होते आणि त्यातून स्वतःची गाणी रचणारी एक पिढी उभी राहिली. आता विरारच्या मुलाने चर्चगेटकडे जाण्याऐवजी, चर्चगेटच्या मुलाने शेवटच्या गाडीचे वेळापत्रक पाहत विरारला यावे, असे काही इथे घडायला हवे.