कावसजीचे नाक आणि वेदनेची नोंद

'नाक कापले जाणे' हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे की त्यामागचे खरे पाते आता आपल्याला आठवत नाही. अठराव्या शतकात मात्र ती एक प्रत्यक्ष शिक्षा होती. ती भोगलेल्या एका माणसाची हकिकत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात तिचा उल्लेख वारंवार होतो. परंतु एक मजकूर म्हणून ती क्वचितच वाचली जाते, आणि तशी वाचल्यास तिच्यातील एक मोठे मौन जाणवू लागते.

हकिकत थोडक्यात अशी. कावसजी हा १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर असलेला बैलहाक्या. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. मजकूर त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणतो. नाव मात्र पारशी वळणाचे. म्हणजे ज्याच्या चेहऱ्याचे इतके बारकाईने वर्णन झाले, त्याचे नावही निःशंकपणे आपल्या हाती येत नाही. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया पाहिली होती. जेम्स वेल्सने जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचे चित्र काढले.

कृतीचे वर्णन अचूक आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी तेवढी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा टिकतो. मग जुना व्रण खरवडून, कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि चिरेत बसवायची. वर पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी तुपात बुडवलेली कापडे. पाच-सहा दिवस उताणे निजायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची.

एवढ्या तपशिलात वेदनेचा एक शब्दही नाही. कपाळाची कातडी सोलली जात असताना त्या माणसाचे काय झाले, त्याला काही पाजले होते की केवळ धरून ठेवले होते, हे मजकूर सांगत नाही. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला मद्य द्यावे, म्हणजे शस्त्राची तीव्रता त्याला जाणवणार नाही, असा विचार आहे. पुण्याच्या कारागिराने तो पाळला होता काय? नोंद करणाऱ्यांना हा प्रश्न पडलेला दिसत नाही.

याउलट लंडनमधील उदाहरण पाहावे. ही हकिकत वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ साली एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यावर हीच क्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक छापले. त्यात रुग्णाचे मत नोंदवले आहे: दुखणे फार होते, पण तक्रार करून उपयोग नव्हता. म्हणजे शस्त्र तेच, कातडीची पट्टी तीच, आणि भूलही तेव्हा कोणालाच उपलब्ध नव्हती. पण एकाचे सोसणे धैर्य म्हणून ग्रंथात गेले. दुसऱ्याचे सोसणे गृहीत धरले गेले. वेदनेच्या इतिहासात औषधांइतकेच महत्त्व या प्रश्नाला आहे की कोणाला विचारले गेले.

औषधे पुढे आली. १८४६ मध्ये ईथर, १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म. बीड जिल्ह्यातील लिंबागणेश १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच्या राजधानीत निजामाच्या आश्रयाने १८८८ आणि १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. क्लोरोफॉर्मने प्रथम श्वास थांबतो की हृदय, हा त्यांचा वाद होता. थेट हृदयाला धोका नाही, हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. दरम्यान १८८४ साली कार्ल कोलरने डोळ्यात कोकेन वापरून दाखवले आणि लवकरच ते नाकातही आले. ते बधिरता आणते आणि रक्तवाहिन्याही आकुंचित करते. नाकासारख्या रक्तबंबाळ जागी हा दुहेरी लाभ होता. व्यसनाच्या धोक्यामुळे पर्याय शोधले गेले. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेले लिग्नोकेन आज अ‍ॅड्रेनलिनबरोबर टोचतात. बुपिव्हाकेन अधिक तास टिकते, म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या प्रहरांत त्याचा उपयोग होतो. पुढे पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या असतात.

तरीही नाकातले बोळे काढताना रुग्ण आजही कळवळतो. फरक इतकाच की आज परिचारिका शून्य ते दहा यांतला आकडा विचारते. आपल्या भाषेत त्यासाठी कळ, ठणका, ठुसठुस, चुरचुर, आग असे नेमके शब्द आहेत, आणि आकड्यात ते मावत नाहीत. पण निदान प्रश्न विचारला जातो. कावसजीला तो विचारला गेला असता, तर त्याने यांतला कोणता शब्द निवडला असता, हे त्या सुबक चित्रातून कळण्यास मार्ग नाही.