इंटरनॅशनलचं इंजिन

चोपड्याहून सातपुड्याच्या पाड्यांकडे निघालेली जुनी डिझेल जीप चढाला लागली, की मला शेतातली नांगरट ऐकू यायची. लहानपणी वाटायचं, डिझेलची सगळी इंजिनं अशीच बोलत असतील. पण त्या दोन आवाजांत खरंच रक्ताचं नातं होतं.

1963 मध्ये महिंद्रा आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली. ट्रॅक्टर होता बी-275; जुनी माणसं त्याला नुसतं ‘इंटरनॅशनल’ म्हणतात. त्याचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मूळचं इंग्लंडमधल्या डॉनकॅस्टरचं : 144 घनइंच, म्हणजे जेमतेम 2.4 लिटर, आणि ताकद 35 अश्वशक्ती.

हीच महिंद्रा 1947 पासून विलीजच्या जीप जुळवत होती. त्या घराण्याचं पेट्रोल इंजिन महायुद्धात नावाजलं, पण जन्मानं ते लष्करी नव्हतंच. त्याची मुळं 1926 च्या व्हिपेट या स्वस्त मोटारीत आहेत. बार्नी रूस या इंजिनिअरनं त्याची ताकद 48 वरून 60 अश्वशक्तीवर नेली, म्हणून ते सैन्याच्या कसोटीला उतरलं. सिलिंडरचा व्यास 79 मिलिमीटर, स्ट्रोक मात्र 111. असं लांब स्ट्रोकचं इंजिन कमी फेऱ्यांतही जोर देतं. चिखलात रुतलेली तोफ ओढायला जे लागतं, तेच काळ्या जमिनीत फाळ ओढायलाही लागतं. मला या साऱ्या वंशावळीचं मर्म इथंच दिसतं. युद्ध संपताच, 1945 मध्ये, विलीजनं सीजे-2ए ही जीप शेतकऱ्यांपुढे आणली. तिला पीटीओ बसवून घेता येई, म्हणजे तिच्यावर यंत्रंही फिरत.

रणातलं इंजिन असं रानात आलं. आपल्याकडे उलट घडलं. 1973 नंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा महिंद्रानं घरातलंच इंजिन उचललं आणि ट्रॅक्टरचं डिझेल जीपच्या बॉनेटखाली बसवलं. गाडी जड झाली, थरथरू लागली, वेग गेला. पण चढावर माणसं, पोती, कोंबड्या घेऊन ती नेटानं वर जायची. ट्रॅक्टरचं हेड उतरवणाऱ्या मिस्त्रीला तिच्यासाठी नवं काही शिकावं लागत नसे.

पुढे प्यूजोचं इंजिन आलं. ते इगतपुरीला बनू लागलं. ते हलकं आणि चपळ होतं, आवाजही निराळा. जुनी जीप मात्र वळणाआड असतानाच ओळखू यायची.