२३ दिवसांत २२ सामने

मी कोवलमहून बोलते आहे. केरळातलं प्रसिद्ध कोवलम नव्हे, हे चेन्नईच्या दक्षिणेला, महाबलीपुरमच्या रस्त्यावरचं, कोळ्यांचं आणि आता सर्फिंग करणाऱ्यांचं गाव. चेपॉकचं मैदान इथून ४० किलोमीटरच्या आसपास. त्याच मैदानावर २०२४च्या जून महिन्यात भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीत ६ बाद ६०३ धावा केल्या. शफाली वर्माने द्विशतक ठोकलं, सांगलीच्या स्मृती मानधनाने १४९ केल्या, दोघींची सलामीची भागीदारी २९२ची. महिलांच्या कसोटीत कुठल्याच संघाने तोवर एका डावात इतक्या धावा केल्या नव्हत्या. आणि तरीही महिला प्रीमियर लीगमध्ये चेन्नईचा संघ नाही.

आजचा विषय या लीगचा आहे, पण मैदानावरच्या खेळाचा नाही. लीग सुरू होण्याआधी दोन कागद तयार होतात. एक खेळाडूंची यादी आणि दुसरा सामन्यांचं वेळापत्रक. आपण टीव्हीवर लिलाव बघतो, कोणाला किती कोटी मिळाले यावर दोन दिवस बोलतो. पण बायकांच्या खेळाचा इतिहास वाचायचा असेल तर हे दोन कागद वाचावेत, असं मला वाटतं. त्यांत वेळ कोणाचा स्वस्त धरलाय ते दिसतं.

सुरुवात पुण्यापासून करू. महिला क्रिकेट संघटना १९७३ साली लखनौला नोंदली गेली. महेंद्रकुमार शर्मा हे त्यामागचे धडपडे गृहस्थ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीन संघांचं वेळापत्रक करायला काय लागतं? प्रत्येकाने दुसऱ्या दोघांशी एकदा खेळायचं, की साखळी संपली. यादीचाही प्रश्न साधा होता : जी येईल ती. घरून परवानगी, कॉलेजची रजा आणि रेल्वेचं तिकीट या तीन गोष्टी जिला जमल्या ती संघात. पुढच्या स्पर्धांत संघ भराभर वाढले आणि १९७६ साली वेस्ट इंडीजच्या महिला भारतात सहा कसोटी खेळायला आल्या. पहिला सामना बेंगळुरूला झाला. पाटण्यात शांता रंगास्वामींच्या संघाने भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. तीन संघांच्या स्पर्धेपासून कसोटी विजयापर्यंत साडेतीन वर्षं.

मग पुढची तीस वर्षं यादी कोणी सांभाळली? मोठ्या प्रमाणात रेल्वेने. क्रिकेट खेळणाऱ्या मुलीला रेल्वे नोकरी देत असे, म्हणून चांगल्या खेळाडू तिकडे गेल्या, आणि म्हणून राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं रेल्वेच जिंकत राहिली. डायना एदलजी, मिताली राज, हरमनप्रीत कौर, सगळ्या रेल्वेच्या. लोक तेव्हा म्हणत, रेल्वेमुळे स्पर्धेत रंगत उरत नाही. खरंच उरत नसे. पण पगार दुसरं कोण देत होतं? क्रिकेट नियामक मंडळाने महिलांचं क्रिकेट आपल्याकडे घेतलं तेच २००६ साली.

आता थोडं लांब, ऑस्ट्रेलियात जाऊ. तिथला फुटबॉल आपल्याला नवखा आहे. लांबट चेंडू, क्रिकेटचंच लंबवर्तुळाकार मैदान, हाताने ठोसा मारून पास द्यायचा, पायाने गोल करायचा. त्यांची महिलांची राष्ट्रीय लीग २०१७च्या फेब्रुवारीत सुरू झाली. आठ क्लब, प्रत्येकी सात सामने, म्हणजे प्रत्येकाशी एकदा, आणि मग पहिल्या दोघांत अंतिम सामना. मेलबर्नच्या पहिल्या सामन्याला २४,५६८ लोक आले आणि दारं बंद करावी लागली. एवढ्या गर्दीची आयोजकांनाही कल्पना नव्हती.

आयोजकांनी यादी कशी केली होती बघा. तिथे लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. म्हणजे क्लब ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात, आणि पगार आधीच पायऱ्यांनी बांधलेला असतो. पहिल्या वर्षी आठ क्लबांना पुरतील इतक्या तयार खेळाडू कुठून आणायच्या? बास्केटबॉलमधून एरिन फिलिप्स आली आणि त्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू ठरली. क्रिकेटमधून जेस कॅमेरॉन आली. पुढच्या वर्षी आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमधून कोरा स्टाँटन आली.

आणि एक नियम मला फार बोलका वाटतो. अनेक वर्षं ड्राफ्टमध्ये नाव देताना मुलीने आपलं राज्य निवडायचं, आणि त्या राज्यातल्याच क्लबांनी तिला घ्यायचं. पुरुषांच्या ड्राफ्टमध्ये अठरा वर्षांच्या मुलाला देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवतात. मुलींना का नाही? कारण मिळणाऱ्या पैशांत नोकरी किंवा शिक्षण सोडून, बिऱ्हाड हलवून, दुसऱ्या शहरात राहणं परवडण्यासारखं नव्हतं. नियम खेळाच्या पुस्तकातला, कारण घरभाड्याचं.

आता वेळापत्रक. पहिल्या वर्षीचा अंतिम सामना २५ मार्चला झाला. पुरुषांचा हंगाम सुरू झाला २३ मार्चला. ऐन उन्हाळ्यात, पुरुषांची मैदानं रिकामी असताना, जेवढे आठवडे उरले तेवढ्यात महिलांची लीग बसवलेली.

हे ऐकून तुम्हाला काही आठवलं का? २०२३ची आपली लीग आठवा. दक्षिण आफ्रिकेत महिलांचा टी-ट्वेंटी विश्वचषक २६ फेब्रुवारीला संपला. आयपीएल ३१ मार्चला सुरू होणार होती. मध्ये जागा किती? महिला प्रीमियर लीग ४ मार्चला सुरू झाली आणि २६ मार्चला संपली. पाच संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे २० साखळी सामने, वर बाद फेरीचे दोन. २३ दिवसांत २२ सामने, दोनच मैदानांवर : नवी मुंबईचं डी. वाय. पाटील आणि चर्चगेटचं ब्रेबॉर्न, प्रत्येकी ११. दोन देशांत, दोन खेळांत, सहा वर्षांच्या अंतराने मार्चचीच फट सापडावी हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. दोन्हीकडे पुरुषांचं वेळापत्रक आधी लिहिलं जातं.

कॅलेंडर चुकलं की यादी कशी बिघडते, याचं उदाहरण त्याआधीच घडून गेलं होतं. लीगच्या आधी आपल्याकडे महिलांचं टी-ट्वेंटी चॅलेंज होतं. २०१८ साली वानखेडेवर एकच प्रदर्शनी सामना, २०१९पासून तीन संघ. पुण्यातल्या १९७३च्या स्पर्धेइतकेच, हे लक्षात आलं तेव्हा मला हसू आलं. २०२० साली ते शारजात ४ ते ९ नोव्हेंबरला ठेवलं आणि त्याच दिवसांत ऑस्ट्रेलियातली बिग बॅश चालू होती. परिणाम असा की शारजात ऑस्ट्रेलियाची एकही खेळाडू नव्हती. जगातला सर्वांत बलाढ्य संघ, आणि यादीतून गायब. २०२१ला तर चॅलेंज झालंच नाही.

२०२२ला ते पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर झालं आणि तिथे किरण नवगिरे लोकांना दिसली. सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची. तिने २५ चेंडूंत अर्धशतक केलं. पण ती त्या यादीत आली होती नागालँडमार्गे. ईशान्येकडच्या राज्यांचे संघ २०१८पासून देशी स्पर्धांत आले, त्यांना बाहेरच्या खेळाडू हव्या होत्या, आणि ही सोलापूरची मुलगी तिकडून खेळली. तिथे तिने अरुणाचलविरुद्ध नाबाद १६२ केल्या. देशी स्पर्धांत नऊ नवे संघ आले नसते तर? वेळापत्रकात एक ओळ वाढली की कुठल्या गावच्या मुलीला जागा मिळते ते आधी सांगता येत नाही. पुढे ती महाराष्ट्राकडून परत खेळली आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक केलं, महिलांच्या टी-ट्वेंटीतलं तोवरचं सर्वांत जलद.

लिलावाचं गणितही पाहू. १३ फेब्रुवारी २०२३, वांद्रे-कुर्ला संकुल. यादीत ४०९ नावं, जागा जास्तीत जास्त ९०. प्रत्येक संघाकडे १२ कोटी. त्याच हंगामात आयपीएलच्या संघाकडे ९५ कोटी होते. १२ कोटींत कमीत कमी १५ आणि जास्तीत जास्त १८ खेळाडू घ्यायच्या, त्यांत परदेशी सहापेक्षा जास्त नाहीत. बेंगळुरूने पहिल्याच बोलीत स्मृतीवर ३ कोटी ४० लाख लावले, म्हणजे पिशवीतला चौथ्या हिश्शाहून जास्त पैसा एका नावावर. उरलेल्या सतरा जागा ८ कोटी ६० लाखांत भरायच्या. अशा वेळी शेवटच्या पाच-सहा मुली मूळ किमतीला, दहा लाखांना, घेतल्या जातात. अठरा जणींचीच यादी असल्यामुळे दोघी दुखावल्या तर कर्णधाराचं कोडं वाढतं. आणि पाच हा विषम आकडा : दर फेरीत कोणीतरी एक संघ रिकामा.

ऑस्ट्रेलियाने मार्चची फट पुढे सोडली. २०२२ साली त्यांनी एकाच वर्षात दोन हंगाम घेतले, दुसरा ऑगस्ट ते नोव्हेंबर, आणि क्लब अठरा झाले. आता अडचण वेगळी. अठरा क्लबांनी एकमेकांशी एकदा खेळायचं तर प्रत्येकी १७ सामने हवेत. २०२५ला मिळाले १२. म्हणजे पाच क्लबांशी गाठच पडत नाही, आणि कोणाला सोपे पाच चुकले, कोणाला कठीण, यावर गुणतक्ता हलतो. तिथल्या खेळाडूंची मागणी यावरच आहे.

आपली लीगही २०२६ला जानेवारीत सरकली, ९ जानेवारी ते ५ फेब्रुवारी, नवी मुंबई आणि वडोदरा. दोन मैदानं, २२ सामने, पण आता २८ दिवस. संघ पाचच. सहावा आला, समजा चेन्नईचा, तर साखळी सामने २०वरून थेट ३० होतात, सम आकड्यामुळे फेरीत कोणी रिकामं बसत नाही, आणि यादीत आणखी १८ जागा तयार होतात.