सटीची रात आणि पुढचे दिवस

मंडळी, आपल्या गोव्यात मूल जन्माला आलं की सहाव्या रात्री सटी. पेडणे असो, बार्देस असो की डिचोली, त्या रात्री घर झोपत नसे. 1736 साली इन्क्विझिशनने इथल्या रीतीभातींवर जो लांबलचक हुकूम काढला, त्यात या सहाव्या रात्रीच्या जागरणालाही मनाई होती. तरी जागरण काही सुटलं नाही.

आज आपण म्हणतो, सटवी बाळाचं नशीब लिहायला येते. पण जुन्या बायकांना खरी भीती असायची ती अळवंतिणीची. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत, ते ओल्या बाळंतिणीला धरतं असा समज. म्हणून खोलीत कोयता, दिवा, धुरी, आणि उशाशी एक जाणती बाई. बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही, हा नियम पक्का.

मला यात निव्वळ खुळचटपणा दिसत नाही. बाळंतपणानंतर मनाचा जो सगळ्यात तीव्र आजार होतो, ज्यात बाईची झोप उडते, भलतेच आवाज ऐकू येतात, तो बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. आपल्या आज्या-पणज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला असणार.

आमच्या थोरल्या काकीचं 1968 चं बाळंतपण घरात अजून हळू आवाजात सांगतात. तिसरी मुलगी. आठव्या दिवशी काकीची झोप गेली. रात्रभर माजघरात फेऱ्या, आणि पाळण्याकडे बोट दाखवून एकच वाक्य, "हें भुरगें म्हजें न्हय." घाडी आला, देवळात कौल लावला, नारळ फुटले. पणजीत आल्तिनोवर मनाच्या आजारांचं इस्पितळ होतं, आबे फारियाच्या नावाचं. (हा कांदोळीचा पाद्री संमोहनविद्येसाठी युरोपात गाजला होता. पणजीतला त्याचा पुतळा तुम्ही पाहिलाच असेल, समोर कोसळणाऱ्या बाईसकट.) पण आमच्या घरात आल्तिनोचं नाव शिवीसारखं घेत, तिथे सुनेला नेणार कोण? तान्ही मुलगी मामाकडे गेली ती चार वर्षांनी परत आली. काकी पाच-सहा महिन्यांत सावरली खरी, पण त्या मुलीला तिने मांडीवर घेतलेलं कुणाला आठवत नाही.

एक मात्र काकी स्वतः सांगायची. बारसं झाल्यावर घरचे सगळे आपापल्या कामाला लागले, पण वैजीण रोज दुपारी येत राहिली. तेल लावायचं निमित्त. फारसं बोलायची नाही, नुसती जवळ बसायची.

"पूर्वी असलं काही नव्हतं हो, सवा महिना विश्रांती असायची," असं म्हणणारे बरेच भेटतात. असायची, पण कुणाला? जिचं माहेर धड, तिला. मुलगा झाला तर आणखी चार लाडू जास्त. दुसऱ्याच्या शेतात, कुळागरात राबणाऱ्या बाईला कसला आलाय सवा महिना!

यावर नेमकं काम झालं तेही गोव्यातच. डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि डॉ. नंदिता डिसोझा यांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या 270 गरोदर बायकांची नोंद करून बाळंतपणानंतरही त्यांना पुन्हा भेटले. सहा ते आठ आठवड्यांनी 59 जणींना नैराश्य होतं, म्हणजे 23 टक्के. त्यातल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. आणि 78 टक्के तर पोटुशी असतानाच खचलेल्या होत्या! कारणं कुठली? गरिबी, नवऱ्याशी न पटणं. त्यात घरात मारहाण किंवा उपासमार असली, तर मुलगी होण्याने भर पडत होती. अळवंतीण कुठेच नव्हती. बायकांशी सविस्तर बोलल्यावर कळलं की त्या याला आजार म्हणतच नव्हत्या, संसाराचा त्रास म्हणत होत्या. मला तर त्यांचंही बरोबरच वाटतं.

पुढे 'संगाथ' या संस्थेने गोव्यात वेगळाच उपाय करून पाहिला. डॉक्टर नाही, नर्स नाही, वस्तीतलीच एखादी बाई शिकवून तयार करायची, आणि तिने गरोदरपणापासून घरी जाऊन भेटायचं, सहा ते चौदा वेळा. बोलायचं, ऐकायचं, नवऱ्याला-सासूलाही त्यात घ्यायचं. 280 बायकांवरचा हा प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला, आणि ज्यांच्याकडे अशी बाई गेली त्यांच्यात बऱ्या होणाऱ्या जास्त निघाल्या. ते वाचताना मला आमची वैजीण आठवली.

आणखी एक. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात लिहिलंय की इस्पितळात उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडायचं नाही. काकीची ती मुलगी आज आजी आहे. तिला मी हे कलम वाचून दाखवलं, तर म्हणाली, परत एकदा वाच.

तुमच्या गावच्या वैजिणीची आठवण असेल तर जरूर लिहा. नाव नको, गाव पुरे.